जपान हादरला की कुपवाडचा माल का अडकतो? आपत्ती आणि जगाचा बाजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत छोट्या कारखान्यांची आणि व्यापाऱ्यांची खाती सांभाळते, जीएसटीची रिटर्न भरते. गणपती पेठेतले हळदीचे अडते, कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्र्या आणि मशीनशॉप, तासगावकडचे दोन-तीन बेदाणेवाले अशी माझी गिऱ्हाइकं. पावसाळा लागला की निम्मे फोन कराबद्दल येतात आणि निम्मे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालच्या पाण्याबद्दल. २०१९ च्या महापुरानंतर त्यांत तिसरी भर पडली आहे. टीव्हीवर कुठल्यातरी देशातला पूर किंवा भूकंप दिसला की "ताई, याचा आपल्याला काय फटका?" असं विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

जपानात भूकंप झाला तर सांगलीला काय फरक पडतो?

११ मार्च २०११, शुक्रवार. जपानात दुपारचे पावणेतीन वाजले होते, आपल्याकडं सकाळचे सव्वाअकरा. ९ तीव्रतेचा भूकंप, पाठोपाठ त्सुनामी, आणि मग फुकुशिमाच्या अणुभट्ट्या. सुमारे १५,९०० माणसं गेली, अडीच हजारांच्या वर बेपत्ता राहिली. मी त्या दिवशी मार्चअखेरीच्या ढिगाऱ्यात होते. टीव्हीवर घरं वाहताना बघितली, हळहळले आणि पुन्हा व्हाउचरं लावायला बसले.

मे महिन्यात कुपवाडच्या एका फौंड्रीवाल्यांचा फोन आला. कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेनं धंद्यासाठी दिलेली उचल, पूर्ण वापरलेलं आणि बँक कारण विचारतेय. मी शेडवर गेले. भट्टी चालू होती, पण आठवड्यातले तीनच दिवस. शटरपासून पार वजनकाट्यापर्यंत लाकडी खोकी रचलेली. आत मशीनिंग झालेले ब्रॅकेट, गंज धरू नये म्हणून तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. माल पास झालेला, रिजेक्शन शून्य. फक्त पुण्याच्या पार्टीनं शेड्यूल निम्म्यावर आणलं होतं, कारण तिच्याकडून पार्ट घेणाऱ्या मोटार कंपनीच्या गाड्याच कमी निघत होत्या.

"माझ्या ब्रॅकेटमध्ये जपानचं काय आहे, ते तरी सांगा," ते म्हणाले. काहीच नव्हतं. भंगार इथलं, वाळू इथली, वीज महावितरणची. पण त्यांचा ब्रॅकेट ज्या गाडीत बसायचा, त्या गाडीत जपानी चिप होती. चिप नाही म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून ब्रॅकेट नको. बंगळुरूजवळच्या बिडदीतल्या टोयोटाच्या कारखान्यानंही त्या एप्रिल ते जूनमध्ये उत्पादन कमी केलं होतं. अमेरिकेत तर त्याआधीच, २१ मार्चच्या आठवड्यात, जनरल मोटर्सनं लुइझियानातला श्रीव्हपोर्टचा ट्रक कारखाना सुटे भाग नाहीत म्हणून बंद ठेवला.

फौंड्रीवाल्यांचं नुकसान जगातल्या कुठल्याच आकड्यात धरलेलं नाही. त्यांच्या शेडला एक चीरही गेली नव्हती.

एक कारखाना बंद पडला तर दुसऱ्याकडून माल घ्यायचा. त्यात काय एवढं?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि सगळी मेख इथंच आहे. दुसरा विकणारा असला की आपत्ती जिथं झाली तिथंच बहुतेक जिरते. नसला की ती पुढं सरकते.

जपानच्या इबाराकी प्रांतात नाका नावाच्या ठिकाणी रेनेसास कंपनीचा चिपचा कारखाना आहे. गाडीचं इंजिन, ब्रेक, काचा चालवणारे जे छोटे कंट्रोलर असतात, त्यांच्या जागतिक बाजारातला सुमारे ४० टक्के वाटा तेव्हा या एका कंपनीचा होता आणि नाका हा तिचा मोठा कारखाना. भूकंपानं तिथली यंत्रं हलली, स्वच्छ खोल्यांची छतं कोसळली. चिप काही नटबोल्ट नाही, की पलीकडच्या गाळ्यातून आणली. एका गाडीसाठी तपासून पास केलेली चिप बदलायची तर पुन्हा महिनोन्महिने चाचण्या. शेवटी गिऱ्हाइक कंपन्यांनीच आपली माणसं तिथं पाठवली. एका वेळी अडीच हजारांपर्यंत माणसं दिवसरात्र राबली, तेव्हा १ जूनला उत्पादन पुन्हा सुरू झालं. आपल्याकडं पार्टी एवढं करेल का? पेमेंट वेळेत आलं तरी पुष्कळ.

दुसरं उदाहरण माझं आवडतं आहे. गाड्यांच्या रंगात जी बारीक चमक असते, तिच्यासाठी झिरॅलिक नावाची भुकटी वापरतात. ही जगात एकाच कारखान्यात तयार व्हायची : जर्मन मर्क कंपनीचा ओनाहामाचा कारखाना, फुकुशिमा अणुकेंद्राच्या दक्षिणेला. तो बंद पडला आणि फोर्डनं आपल्या वितरकांना एका काळ्या रंगाच्या आणि काही लाल छटांच्या नव्या ऑर्डरी घेऊ नका असं कळवलं. क्रायस्लरनंही दहा रंगांवर मर्यादा आणली. गाडी तयार आहे, इंजिन आहे, चाकं आहेत, अडलंय ते चमकीवर. गाडीच्या किमतीत त्या भुकटीचे पैसे शोधायला भिंग लागेल.

मोठ्या कंपन्यांनाही हे आधी माहीत नव्हतं. त्यांना आपला पुरवठादार माहीत असायचा, फार तर त्याचा पुरवठादार. पण दहा वेगवेगळ्या पुरवठादारांकडून माल घेतला आणि ते दहाही जण खाली एकाच कारखान्याकडून कच्चा माल उचलत असले, तर तुमचे दहा पर्याय म्हणजे एकच पर्याय. मोबाइलच्या चिपखाली लागणारी बीटी रेझिन ही अशीच. जगातली जवळजवळ निम्मी एका जपानी कंपनीकडून यायची.

त्याच वर्षी हार्ड डिस्क महागली होती, ती पण जपानमुळंच का?

नाही, ती थायलंडमुळं. २०११ च्या जुलैपासून तिथं पाऊस थांबेना. ऑक्टोबरपर्यंत चाओ फ्राया नदीचं पाणी बँकॉकच्या उत्तरेच्या सात मोठ्या औद्योगिक वसाहतींत शिरलं आणि कित्येक आठवडे तिथंच राहिलं. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पुराचं पाणी येतं त्याहून उतरत नाही तेव्हा जास्त खातं. होंडाच्या अयुथ्याच्या कारखान्यात तयार गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यातल्या १,०५५ गाड्या कंपनीनं मोडीत काढल्या, सुटे भागही पुन्हा वापरले नाहीत.

जगातल्या हार्ड डिस्कपैकी सुमारे ४० टक्के तेव्हा थायलंडमध्ये बनायच्या. ऑफिसातल्या कॉम्प्युटरची डिस्क नेमकी त्या नोव्हेंबरात गेली. स्टेशन रोडच्या दुकानदारानं सकाळी एक भाव सांगितला आणि "दुपारनंतर आलात तर हा धरू नका" म्हणाला. मला वाटलं, घाई करायला लावतोय. संध्याकाळी खरंच चढा भाव लावला. दिवाळीआधीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त मोजून ती डिस्क घेतली. बिल अजून आहे माझ्याकडं, भिजलं नाही.

मग जितकी मोठी आपत्ती तितका जगाला मोठा धक्का, असं समजायचं का?

असं अजिबात नाही. हे सांगताना मला दरवेळी जड जातं.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत १४ देशांतली सव्वादोन लाखांच्या वर माणसं गेली. शेअर बाजार जेमतेम हलले. गेले ते कोळी, किनाऱ्यावरची गरीब वस्ती, पर्यटक. जगाला अडवून धरेल असा कुठलाही माल त्यांच्याकडं नव्हता. हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. त्याचं नुकसान सुमारे ७८० कोटी डॉलर धरलं गेलं, म्हणजे त्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहूनही जास्त. पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झालं, तरी सांगलीत कुठल्याही मालाचा भाव त्यामुळं पैशानंही बदलला नाही.

दुःख किती झालं आणि बाजाराला किती कळलं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. एका रंगाच्या भुकटीनं अमेरिकेतलं मोटारींचं डेट्रॉइट हललं आणि दोन लाख माणसांनी नाही.

टीव्हीवर एकाच आपत्तीच्या नुकसानीचे तीन-तीन आकडे सांगतात. खरा कुठला?

बहुतेकदा तिन्ही. मोजणारे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. मी क्लायंटला असं सांगते : पुरात भिजलेली पोती हे एक नुकसान आणि गोदाम सुकेपर्यंत जो धंदा झाला नाही ते दुसरं. पहिलं ताळेबंदात दिसतं, दुसरं नफा-तोट्यात. जपान सरकारनं २०११ ला फक्त इमारती, रस्ते, यंत्रं अशा थेट नुकसानीचा हिशेब केला. तो १६.९ लाख कोटी येन आला. जागतिक बँकेनं सुरुवातीला २३,५०० कोटी डॉलरपर्यंतचा अंदाज दिला होता. थायलंडच्या पुराचं एकूण नुकसान बँकेनं १ लाख ४३ हजार कोटी बाथ धरलं, म्हणजे सुमारे ४,६५० कोटी डॉलर. त्यात मोडतोड साधारण ६३ हजार कोटींची होती, आणि बुडालेला धंदा त्याहून जास्त, साडेएकोणऐंशी हजार कोटींच्या आसपास.

पंचनामा मात्र मोडतोडीचाच होतो. बुडालेल्या धंद्याचा पंचनामा करायला तलाठी येत नाही.

भूकंप झाला की त्या देशाचं चलन घसरायला हवं. जपानचा येन उलटा वर कसा गेला?

हा प्रश्न स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीचा. विश्रामबागच्या अभ्यासिकेतून रात्री साडेअकराला फोन करून विचारते.

कल्पना कर, घर पडलंय आणि तुझे पैसे पाहुण्यांकडं ठेवलेले आहेत. पहिलं काय करशील? ते परत मागशील. जपानी विमा कंपन्यांचा, बँकांचा अफाट पैसा परदेशात, डॉलरमध्ये गुंतलेला. दावे द्यायला, बांधकामाला तो आता मायदेशी आणावा लागेल, म्हणजे डॉलर विकून येन घ्यावे लागतील, असा तर्क बाजारानं केला. प्रत्यक्षात पैसे परतायच्या आतच सट्टेवाल्यांनी येन उचलला. एका डॉलरला ७६.२५ येन असा तोवरचा उच्चांक झाला. आधीच कारखाने बंद, त्यात निर्यात महाग. शेवटी १८ मार्चला जी-७ देशांनी मिळून येन विकला. असं एकत्र येऊन त्यांनी २००० नंतर पहिल्यांदाच केलं. शेअर बाजाराची गोष्ट उलटी : १५ मार्चला निक्केई निर्देशांक एका दिवसात साडेदहा टक्के पडला.

पैशाच्या अशा वाटा जुन्याच आहेत. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि मागोमाग आग लागली. त्या शहराचे पुष्कळ विमे लंडनच्या कंपन्यांनी उतरवलेले. दावे भागवायला लंडनहून सोनं अटलांटिकपार जाऊ लागलं. बँक ऑफ इंग्लंडनं सोनं थोपवायला ऑक्टोबरपर्यंत व्याजदर ६ टक्क्यांवर नेला. न्यूयॉर्कमध्ये पैशाची चणचण वाढत गेली आणि १९०७ मध्ये तिथल्या बँकांसारख्या ट्रस्ट कंपन्यांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. भूकंप हे त्या पडझडीचं एकमेव कारण नव्हतं, पण ठिणग्यांपैकी एक होतं.

आणि जपानमधलं कोबे. १७ जानेवारी १९९५ ला तिथं भूकंप झाला तेव्हा सिंगापूरमध्ये निक लीसन नावाचा एक पोरगेला दलाल जपानी बाजार शांत राहील यावर मोठी बाजी लावून बसला होता. बाजार पडला. तोटा लपवायला त्यानं आणखी मोठी बाजी लावली. सहा आठवड्यांत, ८२.७ कोटी पौंडांच्या खड्ड्यासह, १७६२ सालापासूनची बेअरिंग्ज बँक बुडाली. तिला एका डच कंपनीनं एक पौंडाला विकत घेतलं. आमच्या मार्केट यार्डात सट्ट्यात गेलेल्यांच्या गोष्टी कमी नाहीत, पण भूकंपावर हरलेला हा एकच.

पुनर्बांधणीत सिमेंट-सळई खपते, लोकांना काम मिळतं. म्हणजे आपत्तीनं अर्थव्यवस्था वाढते का?

कागदावर वाढल्यासारखी दिसते. २०१९ च्या पुरानंतरच्या सप्टेंबर-ऑक्टोबरची रिटर्न भरताना माझ्याकडच्या एका इलेक्ट्रॉनिक दुकानदाराची विक्री एवढी फुगली होती की मी दोनदा तपासली. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन. खाली नावं बघितली तर निम्मे गावभागातले नि मारुती चौकाच्या आसपासचे. त्यांच्याकडं हे सगळं आधी होतंच. पुरात गेलं आणि साठवलेल्या पैशांतून, दागिना मोडून किंवा हप्त्यावर पुन्हा आणलं. सरकारी आकड्यांत ती विक्री वाढ म्हणून गेली. बुडालेला जुना फ्रिज त्या आकड्यांत कुठंच वजा झाला नाही, आणि त्या पैशांतून मुलीची फी भरायची राहिली तीही नाही.

देशाचंही तसंच असतं. जपानची वाढ २०११ मध्ये जवळजवळ शून्यावर आली आणि २०१२ मध्ये पुन्हा वर गेली. पण बांधकामाचा पैसा आकाशातून पडला नाही. २०१३ पासून जपानी माणसाच्या प्राप्तिकरावर २.१ टक्के पुनर्बांधणी अधिभार आहे, तो २५ वर्षांसाठी. त्या वर्षी जन्मलेलं पोर नोकरीला लागेल तेव्हा त्याच्या पगारातूनही तो कापला जाईल.

विजेवर आणि गॅसवर काय परिणाम होतो?

जपानच्या बाबतीत सगळ्यात लांब पोचलेला परिणाम हाच होता, आणि आपल्याकडं त्याची सगळ्यात कमी चर्चा झाली. अणुभट्ट्या एकेक करून बंद झाल्या आणि मे २०१२ मध्ये काही काळ देशात एकही चालू नव्हती. वीज तर हवी, म्हणून जपान बाहेरून द्रवरूप नैसर्गिक वायू उचलायला लागला. तो आधीच जगातला सगळ्यात मोठा खरेदीदार होता. मोठा गिऱ्हाईक घाईत बाजारात उतरला की भाव काय होतो, हे बेदाण्याच्या सौद्याला बसणाऱ्याला सांगायला नको. आशियातले तातडीच्या खरेदीचे भाव पुढची दोन-तीन वर्षं चढे राहिले आणि वायू आयात करणाऱ्या भारतालाही ते मोजावे लागले. इंधनाच्या बिलामुळं २०११ मध्ये जपानच्या परदेशी व्यापारात १९८० नंतर पहिल्यांदा तूट आली. जर्मनीनं तर फुकुशिमानंतर आपल्या सगळ्या अणुभट्ट्या बंद करायचं ठरवलं. शेवटच्या तीन २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झाल्या. इकडं कोकणात जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा वाद २०११ मध्येच पेटला.

एवढा पैसा भरतो कोण? विमा कंपन्या बुडत कशा नाहीत?

विमा कंपनीही विमा उतरवते. तिला पुनर्विमा म्हणतात. म्युनिक री, स्विस री ही त्यातली जागतिक नावं, आपल्याकडं जीआयसी री. सांगलीतल्या गोदामाची जोखीम अशी वाटत वाटत झुरिकपर्यंत जाते. म्हणून परदेशात मोठी आपत्ती झाली की पुढच्या नूतनीकरणाला इथल्या कारखान्याचाही हप्ता वाढू शकतो.

त्याहून पुढची पायरी म्हणजे आपत्ती रोखे. जपानात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा एक विमा महासंघ आहे, झेनक्योरेन. आपल्या सहकाराच्या मुलखात हे नाव कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. त्यांच्या भूकंपाच्या जोखमीसाठी २००८ मध्ये ३० कोटी डॉलरचे रोखे काढले गेले. गुंतवणूकदारांना चांगलं व्याज मिळायचं, अट एवढीच : ठरलेल्या भागात ठरलेल्या जोराचा भूकंप झाला तर मुद्दल गेलं. २०११ मध्ये ते सगळं गेलं. रोख्यांचं नाव होतं 'मुतेकी', जपानीत त्याचा अर्थ अजिंक्य.

एवढं सगळं असूनही जपानच्या त्या नुकसानीपैकी पाचव्या हिश्श्याहून कमी विम्यातून आलं. बाकी सरकारनं आणि ज्याचं त्यानं सोसलं. गरीब देशांत तर विम्याचा वाटा नावापुरता. हैतीत जवळजवळ नव्हताच.

दुसऱ्या देशातल्या आपत्तीनं शेतमालाचे भाव कसे हलतात? आमच्या द्राक्षाचं काय?

धान्याचं उदाहरण रशियाचं घ्या. २०१० च्या उन्हाळ्यात तिथं भयानक उष्णतेची लाट आली, गहू जळाला आणि १५ ऑगस्टपासून सरकारनं गव्हाची निर्यात बंद केली. जगात भाव भडकले. इजिप्तसारख्या विकतच्या गव्हावर जगणाऱ्या देशांना झळ बसली. आपल्याकडं सरकारी कोठारं भरलेली होती नि आपली निर्यात आधीच बंद होती, म्हणून आपल्याला तेवढं जाणवलं नाही.

कधी साखळीचं पहिलं टोक आपण असतो. २०२२ च्या मार्चमधल्या उन्हानं उत्तर भारतातला गहू बारीक राहिला, १३ मे रोजी आपण निर्यात थांबवली आणि सोमवारी शिकागोचा बाजार उघडताच भाव उसळले. तिकडच्या बेकरीवाल्यालाही कुणीतरी विचारलं असेल, "भारतात ऊन पडलं त्याचं आपल्याला काय?"

द्राक्षाचं म्हणाल, तर आबा, तुमचा माल बोटीनं जातो. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर बंद पडली, सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. केनियाची फुलं आणि भाजी तिथल्या विमानतळावर सडली, कारण ती विमानानंच जायची. तासगावची द्राक्षं जेएनपीटीतून शीत कंटेनरमध्ये समुद्रावर होती. त्यांना राखेचा पत्ताही लागला नाही.

सांगलीच्या पुराचा जगावर काही परिणाम होतो का?

खरं सांगू? जवळजवळ नाही. ऐकायला बरं वाटत नाही, पण वरचा सगळा हिशेब इथंही लागू पडतो.

आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर. ऑगस्ट म्हणजे हळदीच्या दृष्टीनं वाईट महिना. आवक उन्हाळ्यात होऊन गेलेली असते आणि माल साठ्यात बसलेला. पूर्वी हा साठा हरिपूरच्या पेवांत असायचा. जमिनीत खोल खणलेलं, आतून गवत-पाचट लावलेलं, वर तोंड मातीनं लिंपलेलं पेव. हवा नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पाण्यानं ती पेवं भरली. एका अडत्यांनी उघडलेलं पेव मी बघितलंय. दोर लावून वर काढलेल्या पोत्यातून पिवळं पाणी गळत होतं आणि वास हळदीचा नव्हता, कुजक्या गवताचा होता. हमालांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. कुणी काही बोलत नव्हतं.

तरी लंडनच्या किंवा दुबईच्या मसालेवाल्याला हळद मिळालीच. जगातली सत्तर टक्क्यांहून जास्त हळद भारत पिकवतो, पण ती एका गावात नाही. सांगली बंद तर निजामाबाद, नाहीतर इरोड. दुसरा विकणारा आहे, त्यामुळं आपला तोटा आपल्यापाशीच राहिला.

जवळच्या बाजारात मात्र धक्का पोचतो. २०१९ ला कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. कोल्हापूर-सांगलीकडच्या दुधाचे टँकर निघेनात, मुंबई-पुण्यात दूध कमी पडलं. दूध तासांत नासतं आणि मोठा रस्ता एकच. इथं अडलेला माल म्हणजे तो रस्ता होता.

कोयनेच्या भूकंपाचं काही?

११ डिसेंबर १९६७, पहाटे. आमच्या आईला भांडी वाजलेली आठवतात. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर पडलं. वीजनिर्मिती थांबल्यानं मुंबईच्या कारखानदारीला वीज कमी पडली. पाटण तालुक्यातला हादरा मुंबईच्या कारखान्यांना तारेतून पोचला, एवढंच.

एकदा दुसरीकडं गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का?

कोबेचं बंदर १९९५ च्या आधी कंटेनर हाताळणीत जगात सहावं होतं. भूकंपानंतर दोन वर्षांत धक्के, क्रेन सगळं पुन्हा उभं राहिलं. पण तोवर जहाजांनी कोरियाच्या बुसानची वाट धरली होती. तिथं त्यांची सोय लागली, दर जमले, ती परत आली नाहीत. कोबेला जुना क्रमांक पुन्हा मिळाला नाही.

पुरानंतर दुकान उघडायची एवढी घाई का करतात, असं बाहेरगावची माणसं विचारतात. यासाठीच.

कंपन्या यातून काही शिकल्या का?

काही शिकल्या. मर्कनं ती चमकीची भुकटी जर्मनीतही बनवायची सोय केली. टोयोटानं आपल्या साखळीची खालपर्यंत यादी काढली आणि चिपचा काही महिने पुरेल इतका साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं. ज्या कंपनीनं जगाला "साठा ठेवू नका, लागेल तेव्हाच माल मागवा" हे शिकवलं, तिनंच हे करावं! २०२१ मध्ये चिपची टंचाई आली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त काळ तगली.

आणि त्याच २०२१ च्या १९ मार्चला, दहा वर्षं नि आठ दिवसांनी, रेनेसासच्या त्याच नाका कारखान्यात आग लागली. जगभरच्या गाड्या पुन्हा अडल्या. दुसरा पर्याय उभा करायला पैसा लागतो आणि पुढचा हादरा कधी येईल ते कुणी सांगत नाही, मग तो पैसा दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जातो. सगळ्यात भारी चिप आज बहुतेक तैवानमध्ये बनतात आणि तैवान भूकंपाच्या पट्ट्यात आहे. १९९९ ला तिथं मोठा भूकंप झाला, ३ एप्रिल २०२४ ला पुन्हा. दुसऱ्या वेळी कारखाने लवकर सावरले.

माझं एवढंसं वर्कशॉप. मी काय करायचं?

जगाची साखळी तुम्ही बदलू शकत नाही, पण खात्यावर एक नजर टाका. साठ-सत्तर टक्के विक्री एकाच पार्टीला असेल आणि ती पार्टी एकाच मोटार कंपनीला माल देत असेल, तर तुमचा नाका कारखाना तुमच्या लेजरमध्येच बसलाय. दुसरं गिऱ्हाईक शोधायला मंदी यायची वाट बघू नका. पंप, शेती अवजारं, काहीही. वर म्हटलेल्या फौंड्रीवाल्यांनी २०१२ नंतर पंपाचे कास्टिंग घ्यायला सुरुवात केली. मार्जिन कमी आहे, कुरकुरतात, पण सोडत नाहीत.

विम्यात 'धंदा बुडाल्याचं' कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आग-पुराच्या साध्या पॉलिसीत ते आपोआप येत नाही, आणि घेतलं तरी सहसा स्वतःच्या जागेचं नुकसान झाल्यावरच लागू होतं. २०११ च्या त्या खोक्यांना कुठलीच साधी पॉलिसी चालली नसती.

आणि कागदपत्रं?

यावर मी चिडून बोलते, आधीच माफी मागते. २०१९ मध्ये एका क्लायंटचा दावा विमा कंपनीनं निम्म्याहून खाली आणला, कारण स्टॉक रजिस्टर बुडालं होतं आणि "साठा होता याचा पुरावा नाही". भिंतीवर सात फुटांवर चिखलाची रेघ, खाली कुजलेली पोती, आणि सर्व्हेअर पुरावा मागतोय. आम्ही माझ्या गच्चीत बाजेवर वहीचं एकेक पान वाळवलं. पिना गंजून पानांना भोकं पडली होती, शाई पसरून आकड्यांचे डाग झाले होते. ३ चा ८ दिसत होता. पुढं माझ्याकडच्या रिटर्नवरून थोडी रक्कम वाढवून मिळाली, पूर्ण नाही.

म्हणून जून संपायच्या आत एवढं करा. दर आठवड्याला साठ्याची नोंद आणि गोदामाचे तारखेसह फोटो मेलवर पाठवा, मलाही चालतील. मशीनची बिलं, पॉलिसी आणि हप्त्याची पावती स्कॅन करा. पॉलिसीचा पत्ता गाळ्याचाच आहे का बघा. दोन जणांच्या पॉलिसीवर अजून जुन्या भाड्याच्या शेडचा पत्ता आहे, ते कोण ते त्यांना माहीत आहे. आणि या सगळ्याची एक प्रत पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या नाहीतर लेकीच्या फोनवर टाका. तुमचा फोन तुमच्याबरोबर बोटीत असेल आणि चार्जिंग संपलेलं असेल.